बांधावर करंज, सड्यावर खुरासणी: कोकणात तेलबिया लावून शेतापुरतं बायोडिझेल कसं करायचं

कोकणात तेलबियांची दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. भुईमूग, खुरासणी, तीळ, खोबरं हे खायच्या तेलाचं खातं. करंज, उंडी आणि वडे-मासळी तळून उरलेलं जळकं तेल हे इंधनाचं. घाणीच्या शेंगदाणा तेलाला गिऱ्हाईक डिझेलच्या दुपटीहून जास्त भाव देतं, मग ते पंपात जाळायचं कशाला? खायचं तेल विकून पैसा करायचा आणि बांधावरच्या कडू बियांतून पंपाचं, पॉवर टिलरचं डिझेल भागवायचं, हा यातला व्यवहार. पेंड दोन्हीकडे मिळते आणि नफा बऱ्याचदा तिच्यातच असतो.

मोगली एरंडाचं (जट्रोफा) काय, हा प्रश्न हमखास येतो. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याची मोठी शिफारस केली आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं गेलं. ते काही साधलं नाही. पडीक जमिनीत, खत-पाण्याशिवाय झाड जगतं, पण बी धरत नाही. कुंपणाला असेल तर असू द्या, त्याच्या नावाने जमीन मात्र गुंतवू नका. साधा एरंडही यात बसत नाही. त्याचं तेल इतकं दाट असतं की बायोडिझेल केल्यावरही दाटच राहतं. एरंडीला औषधाचं आणि वंगणाचं गिऱ्हाईक आहे, ती तिकडेच जाऊ द्या.

जागा बघून पीक

भाताच्या खाचरात पावसाळ्यात तेलबिया नकोत. पाणी तुंबलं की भुईमूग पिवळा पडतो आणि तीळ चार दिवसांत मरतो. खाचराची पाळी भात कापल्यावर. विहिरीचं, बंधाऱ्याचं किंवा व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी मार्चअखेरपर्यंत टिकत असेल तर तिथे भुईमूग. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पावसाळी खुरासणी. बांधावर, गडग्याच्या कडेला, व्हाळाच्या काठी करंज. समुद्राकडच्या पुळणीत, खाडीच्या कडेला, जिथे खारा वारा दुसरं काही वाढू देत नाही, तिथे उंडी.

माती परीक्षण एकदा करून घ्याच. जांभ्याची जमीन आम्ल असते, तिच्यात चुना (कॅल्शियम) कमी असतो आणि स्फुरद दिलं तरी ते मातीत अडकून पडतं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं हे काम करून देतात. चुन्याची मात्रा अंदाजाने टाकू नका, अहवालात येईल तेवढीच टाका आणि पेरणीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी.

करंज

फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगल्या झाडाच्या, भरलेल्या शेंगांचं बी घ्यायचं. चांगलं झाड म्हणजे दरवर्षी धरणारं. करंजात एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष काहीच नाही अशी झाडं पुष्कळ, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून झाड निवडा. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत इंचभर खोल लावलं की दहा-पंधरा दिवसांत रुजतं आणि जूनपर्यंत रोप लावण्याजोगं होतं. रोपाचं झाड पाचव्या ते सातव्या वर्षी धरतं, कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आंब्या-काजूची कलमं बांधणारा हात करंजाचंही मृदकाष्ठ कलम बांधू शकतो. दहा झाडंच लावणार असाल तर कलमंच करून घ्या.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. तो एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा. जांभ्यात कातळ लागला तर पहारीने फोडून निदान तळाला भेग तरी पाडायची, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. भरताना वरची माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत. करंज शेंगवर्गातला, हवेतलं नत्र स्वतः धरतो, त्याला युरिया लागत नाही. बांधावर दोन झाडांत पाच मीटर अंतर ठेवा. लावायचा तो शेताच्या उत्तरेकडच्या बांधावर, म्हणजे हिवाळी पिकावर सावली येत नाही. पण त्या बांधापलीकडे शेजाऱ्याचं खाचर असेल तर आधी त्याच्याशी बोला. कोकणात बायोडिझेल उकळायच्या आधी बांधाचं भांडण उकळतं.

पानांवर फोडांसारख्या गाठी येतात, त्या कोळ्यांमुळे (माइट). दिसायला वाईट, पण झाडाचं फार बिघडत नाही. फुलांच्या जागी गोल, टणक गाठी धरल्या तर मात्र त्या घोसाच्या शेंगा गेल्या. असे घोस काढून जाळायचे.

पूर्ण वाढलेल्या झाडाचं उत्पन्न जागेवर आणि जातीवर फार बदलतं. हिशोबाला झाडामागे १० किलो बी धरा, जास्त मिळालं तर वरकड. शेंगेच्या वजनाच्या साधारण निम्मं बी निघतं.

उंडी

किनाऱ्यावर उंडीचं तेल पूर्वी दिव्याला जळायचं आणि लाकूड होड्यांना लागायचं. झाड हळू वाढतं, पण खाऱ्या वाऱ्याला आणि वाळूला दबत नाही. नारळाच्या आगराला समुद्राच्या बाजूने वारारोधक म्हणून एक रांग लावली तर आगर वाचतं आणि पुढे फळंही मिळतात. बियांचं कवच कठीण, तसंच लावलं तर रुजायला दोन महिनेही घेतं. लाकडी दांडक्याने हलकेच तडा दिला किंवा कवच काढून गर पेरला तर कोंब बराच लवकर येतो. वटवाघळं उंडीची साल चघळून बी टाकतात, त्यामुळे त्यांच्या झाडाखाली सोललेल्या बियांचा ढीग आयताच मिळतो. तो वेचा, पण तोंडाला कापड बांधून आणि हातमोजे घालून.

उंडीच्या सुकलेल्या गरात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल असतं, करंजाच्या बियांत साधारण ३० ते ३५ टक्के. तरीही नवख्याने सुरुवात करंजानेच करावी. उंडीचं तेल हिरवंकाळं, चिकट, डिंकाळ आणि आम्ल असतं. त्याचं बायोडिझेल होतं, पण एक पायरी वाढते आणि आम्लही जास्त लागतं.

भुईमूग: पैशाचं पीक

भात कापल्यावर जमीन वाफशावर येताच नांगरून, ढेकळं फोडून घ्या. कोकणात पेरणी नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. फार थंडीत उगवण रेंगाळते आणि फार उशीर केला तर काढणीला वळवाचा पाऊस गाठतो. ‘कोकण गौरव’ ही विद्यापीठाची जात इथे रुळलेली आहे. ती साधारण ११५ ते १२० दिवसांत तयार होते.

गुंठ्याला एक ते सव्वा किलो दाणे लागतात. शेंगा पेरणीच्या आठवड्यातच फोडायच्या, फोडून ठेवलेला दाणा उगवण गमावतो. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, मग २५ ग्रॅम रायझोबियम आणि तितकंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, आणि सावलीत सुकवा. दोन ओळींत एक फूट, दोन रोपांत चार ते सहा इंच. खत हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद या प्रमाणात. गुंठ्याच्या भाषेत पाव किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, म्हणजे सुमारे ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो युरिया.

कोकणात भुईमूग बिघडतो तो बहुतेक जिप्सममुळे, म्हणजे न घातल्यामुळे. शेंगेला लागणारा चुना (कॅल्शियम) मुळांतून येत नाही, जमिनीत शिरलेल्या आऱ्या (फुलातून खाली येणारे देठ) आणि वाढती शेंग तो आजूबाजूच्या मातीतून थेट ओढतात. वरच्या दोन इंचांत चुना नसेल तर झाड हिरवंगार, शेंगा भरपूर आणि आत दाणा नाही. पेरताना गुंठ्याला २ किलो जिप्सम आणि फुलं लागल्यावर झाडाच्या बुडाशी आणखी २ किलो घाला. त्याचवेळी हलकी भर द्या. आऱ्या जमिनीत शिरल्या, साधारण ४५ दिवस झाले, की कोयती-खुरपं बंद. त्यानंतर तण हाताने उपटायचं.

पाणी आठ ते बारा दिवसांनी. फुलोरा, आऱ्या सुटणं आणि शेंग भरणं या तीन वेळा चुकवल्या तर बाकीचं पाणी वाया. आणि राखण! डुक्कर, माकड, साळिंदर यांना भुईमूग आपल्याआधी कळतो. एकट्याने पाच गुंठे लावण्यापेक्षा वाडीतल्या पाच-सहा जणांनी लागून लावावं, रात्रीची पाळी वाटून घेता येते. ज्या गावात हे जमत नाही तिथे भुईमूग लावू नये, हे आमचं स्पष्ट मत.

बरं साधलं तर गुंठ्याला २० किलो वाळक्या शेंगा. त्यातून १४ किलो दाणे आणि घाणीवर साधारण साडेपाच किलो, म्हणजे सहा लिटर तेल. दहा गुंठ्यांत साठ लिटर. पेंड गुरांना चालते.

खुरासणी

काहीजण कारळा म्हणतात. वरकस उतारावर, जिथे नाचणी-वरी होते, तिथे जुलैच्या मध्याला पेरा. बी बारीक असतं, गुंठ्याला ५० ते ६० ग्रॅमच लागतं, त्यामुळे चाळलेली वाळू किंवा शेणखत मिसळून ओळीत टाका. पंधरा दिवसांनी विरळणी करून चार इंचांवर एक रोप ठेवा. या पिकाला मधमाशी लागतेच, स्वतःच्या परागाने ते फळत नाही. फुलोऱ्यात फवारणी केली तर उत्पन्न तुम्हीच मारलंत. जवळ दोन मधपेट्या ठेवल्या तर मधही मिळतो. साधारण शंभर दिवसांत बोंडं तपकिरी-काळी पडतात. सगळी वाळायची वाट पाहिलीत तर बी शेतातच झडतं, म्हणून सकाळच्या दंवात कापून खळ्यावर आणा. उत्पन्न थोडं, हेक्टरी तीन ते पाच क्विंटल, पण खर्चही जवळपास नाही.

तीळ निचऱ्याच्या जमिनीत होतो. सूर्यफुलाला पोपट शिल्लक ठेवत नाहीत.

वाळवण: मृगाच्या आत

बायोडिझेल बिघडतं ते भट्टीवर नाही, मांगरात (बी साठवायच्या खोपटात). करंजाच्या शेंगा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळून पिवळट-तपकिरी होतात. खाली ताडपत्री अंथरून काठीने झोडायच्या. जमिनीवर पडून दंव-पाऊस खाल्लेलं बी वेगळं ठेवा. शेंगा तीन-चार दिवस कडक उन्हात टाकून बडवायच्या, बी काढून पुन्हा चार दिवस वाळवायचं. बी दातांखाली किंवा दगडावर कटकन दुभंगलं पाहिजे. दबलं, लवलं तर ओलं आहे.

ओल्या बियांत तेल आतल्या आत फुटून मुक्त आम्लं तयार होतात. हीच आम्लं पुढे अल्कलीशी मिळून साबण होतात, आणि ज्याला वाटतं आपण डिझेल करतोय त्याच्या भांड्यात साबणाची खीर होते. म्हणून कोकणापुरता नियम असा की बी जूनच्या पहिल्या आठवड्याआधी गाळून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात बी ठेवण्यापेक्षा तेल ठेवणं कितीतरी सोपं. तेल कोरड्या, काठोकाठ भरलेल्या, झाकणबंद कॅनमध्ये टिकतं. बी ठेवावंच लागलं तर आत प्लॅस्टिक असलेल्या गोणीत, फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. भुईमुगालाही हेच लागू, तिथे तर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष तेलात-पेंडीत येतं. दाण्यात आठ-नऊ टक्क्यांहून जास्त ओल राहू देऊ नका.

गाळप

लाकडी घाणी खायच्या तेलाला. करंज-उंडीला स्क्रूचा एक्स्पेलर. करंज आणि भुईमूग एकाच यंत्रावर कधीही गाळू नका. करंजातली कडू द्रव्यं यंत्राच्या खाचांत बसतात आणि पुढच्या चार घाणी कडू निघतात. ती खाण्याजोगीही नसतात.

१०० किलो करंज बियांतून दोन फेऱ्यांत साधारण २५ किलो, म्हणजे २७ लिटर तेल आणि सत्तरेक किलो पेंड मिळते. पहिल्या फेरीत तेल कमी आलं तर बी फार कोरडं तरी असेल नाहीतर ओलं तरी. फार कोरड्यावर किंचित पाणी शिंपडून तासभर झाकून ठेवा. निघालेलं तेल आठ दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं कापडातून गाळा.

करंजाच्या पेंडीत सुमारे चार टक्के नत्र असतं. गुरांना द्यायची नाही. आंबा, नारळ, सुपारीला झाडामागे दोन ते पाच किलो, पावसाच्या सुरुवातीला आळ्यात मातीआड. वाळवीलाही ती नकोशी असते.

बायोडिझेल: एक लिटरपासून सुरुवात

तेल तसंच इंजिनात घालता येत नाही. करंजाचं तेल डिझेलच्या दहापटीहून दाट असतं, ते नोझलवर कोळसा धरतं आणि पिस्टनच्या रिंगा चिकटवतं. तेलाच्या रेणूतून ग्लिसरीन सोडवून त्या जागी मिथेनॉल बसवलं की ते पातळ होतं. एवढीच क्रिया.

आधी मिथेनॉलची गोष्ट. हे पिण्याच्या दारूसारखं दिसतं आणि तसाच वास येतो. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं याच्यामुळे गेली. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, कातडीतून आणि वाफेतूनही ते शरीरात शिरतं. त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. कायद्याने ते विष आहे, साठ्याला आणि खरेदीला काय परवाना लागतो ते जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. काम उघड्या पडवीत करा. चूल, बिडी, मोबाइलचा चार्जर, काही जवळ नको. डोळ्यांना चष्मा, हाताला जाड रबरी मोजे, शेजारी भरलेली पाण्याची बादली. कॅनवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि कॅन कुलपात ठेवा.

सामान: झाकणाचं स्टेनलेस स्टीलचं भांडं, थर्मामीटर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, १० मिलिची सिरिंज, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिनॉल्फथॅलीन (रंग बदलून आम्लता दाखवणारं द्रव्य), पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा अल्कली (यापुढे पोटॅश, खताचं पोटॅश नव्हे), घट्ट झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा कॅन. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, पत्र्याचं गॅल्व्हनाइज्ड भांडं वापरू नका. अ‍ॅल्युमिनियम तर पोटॅशमध्ये अक्षरशः विरघळतं.

१. तेलातलं पाणी घालवा. ११० अंशांपर्यंत तापवा, तडतड आणि बुडबुडे थांबेपर्यंत. हळू तापवा, खाली पाणी असेल तर तेल उसळतं. मग ५५ अंशांवर निवू द्या.

२. आम्लता मोजा. १ ग्रॅम पोटॅश एक लिटर शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात विरघळवा. १० मिलि आयसोप्रोपिलमध्ये १ मिलि तेल, दोन थेंब फिनॉल्फथॅलीन. त्यात पोटॅशचं पाणी थेंबाथेंबाने टाका, हलवत राहा. फिकट गुलाबी रंग दहा-पंधरा सेकंद टिकला की थांबा. किती मिलि लागलं तो तुमचा आकडा.

३. आकडा ५ पेक्षा कमी असेल तर सरळ पुढे. बाजारातला पोटॅश साधारण ८५ टक्के शुद्ध असतो. लिटरला ५.८ ग्रॅम अधिक तुमचा आकडा. म्हणजे आकडा ३ आला तर १० लिटर तेलाला ८८ ग्रॅम. मिथेनॉल लिटरला २२० मिलि, १० लिटरला २.२ लिटर.

४. पोटॅश मिथेनॉलमध्ये टाका, उलट नाही. झाकण लावून अधूनमधून हलवा, पूर्ण विरघळेपर्यंत. कॅन गरम होतो, वाफ सोडायला झाकण जरासं सैल करा, तोंड लांब ठेवा. पोटॅशची बाटली कोकणच्या हवेत दहा मिनिटं उघडी राहिली तरी दाणे ओले होतात आणि वजन फसवं येतं. पावसाळ्यात तर हे काम न केलेलं बरं.

५. हे मिश्रण ५५ अंशांच्या तेलात घालून तासभर ढवळा. ६० च्या वर जाऊ नका, ६४.७ ला मिथेनॉल उकळतं. उष्णता विजेच्या हीटरने बाहेरून, पाण्याच्या टबातून. उघड्या ज्योतीवर अजिबात नाही.

६. रात्रभर ठेवा. खाली काळपट ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं बायोडिझेल. मधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. खालचं काढून घ्या.

७. तपासा. २७ मिलि मिथेनॉलमध्ये ३ मिलि बायोडिझेल टाकून हलवा. पूर्ण विरघळलं तर क्रिया पूर्ण. तळाला थेंब जमले तर न बदललेलं तेल उरलंय, थोडं मिथेनॉल-पोटॅश घेऊन पुन्हा तापवावं लागेल.

८. धुवा. एक तृतीयांश कोमट पाणी वरून झाऱ्याने फवारल्यासारखं सोडा, हलवू नका. पहिल्याच धुण्याला हलवलं तर ताकासारखं पांढरं होतं आणि दोन दिवस फुटत नाही. असं झालं तर थोडं मीठ टाकून, गरम जागी ठेवून वाट पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हळूहळू ढवळता येतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत, साधारण तीनदा.

९. सुकवा. पसरट भांड्यात उन्हात ठेवा किंवा मंद तापवा. भांड्यामागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं वाचता आली की पाणी गेलं. धूसर दिसत असेल तर अजून आहे.

आकडा ५ च्या वर आला, आणि उशिरा गाळलेल्या करंजात किंवा उंडीत तो येतोच, तर आधी आम्लाची पायरी. लिटरला २५० मिलि मिथेनॉल घ्या, त्यात ५ मिलि तीव्र गंधकाम्ल अगदी हळू सोडा आणि हे ६० अंशांच्या आत तेलात घालून तास-दीड तास ढवळा. दोन-तीन तास ठेवलं की वर पाणी-मिथेनॉल-आम्लाचा थर येतो. तो काढून टाका, पुन्हा आकडा मोजा आणि तिसऱ्या पायरीपासून चालू करा. उंडीचा आकडा एका फेरीत खाली येत नाही, दोन कराव्या लागतात. त्याआधी डिंकही काढावा लागतो. त्यासाठी लिटरला ५ मिलि फॉस्फरिक आम्ल घालून ६०-७० अंशांवर अर्धा तास ढवळा, रात्रभर ठेवून खालचा चिकट गाळ काढा.

जळकं तेल कापडातून गाळायचं. त्यात रवा, बेसन, मीठ आणि पाणी असतं. ते निवांत बसू द्या, मग पहिल्या पायरीपासून तसंच करा. २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेल्या तेलाची योजना सुरू केली आहे. मोठ्या हॉटेलांनी हे तेल नोंदणीकृत संकलकाकडेच द्यायचं असतं. घरगुती खानावळी आणि वड्याच्या गाड्यांकडून मिळणारं थोडं तेल आपल्या कामाला पुरतं.

धुण्याचं पाणी व्हाळात, विहिरीजवळ सोडू नका. जांभा सच्छिद्र असतो, आज ओतलेलं उद्या विहिरीत. थोडं व्हिनेगर घालून खताच्या खड्ड्यावर पसरा, पोटॅश पिकालाच जाईल. ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल उरलेलं असतं. गुरांच्या आसपास ठेवू नका आणि चुलीत जाळू नका, अर्धवट जळलं की विषारी धूर होतो.

वापर आणि हिशोब

डिझेलमध्ये पहिल्यांदा दहा टक्के, मग वीस. जुन्या पंपाच्या, पॉवर टिलरच्या, मळणी यंत्राच्या इंजिनला चालतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ बायोडिझेल सोडवतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत फिल्टर चोंदणारच. एक फिल्टर हाताशी ठेवा आणि इंजिन बिघडलं म्हणून घाबरू नका. रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, त्यावर लक्ष ठेवा. नव्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवाऱ्याच्या) ट्रॅक्टरला आणि समुद्रात जाणाऱ्या होडीला घरचं इंधन घालू नका. किनाऱ्यापासून पाच मैलांवर फिल्टर बदलायची वेळ येऊ नये. तयार झालेलं तीन-चार महिन्यांत वापरा. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये दमट हवेचं पाणी सुटतं आणि त्यात शेवाळी बुळबुळीत गाळ धरतो.

एक लिटर बायोडिझेलला साधारण चार किलो करंज बी लागतं आणि २.८ किलो पेंड परत मिळते. तुमच्याकडचे भाव घाला: चार किलो बियांची किंमत, पाव लिटर मिथेनॉल, थोडा पोटॅश, गाळपाची मजुरी, त्यातून पेंडीची किंमत वजा. बी विकत घेत असाल तर पेंड विकल्याशिवाय हा आकडा डिझेलच्या खाली येत नाही. बांधावरचं बी घरच्यांनी वेचलेलं असेल आणि पेंड आपल्याच आंब्याला जात असेल तर येतो. शंभर मीटर बांधावर वीस झाडं, दोनशे किलो बी, पन्नासेक लिटर इंधन. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण लिटरभर खातो, म्हणजे हे पन्नास तासांचं पाणी झालं. भुईमुगाच्या दहा गुंठ्यांची पाळी यातून भागते.

एक्स्पेलर एकट्याने घेऊ नका. चार-पाच वाड्यांच्या बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने घेतला तर मार्च ते मे करंज-उंडी गाळता येते. खायच्या तेलाची घाणी वेगळ्या शेडमध्ये ठेवा. इंधन स्वतःच्या यंत्रात वापरणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचं बायोडिझेल आयएस १५६०७ या मानकात बसलं पाहिजे, आणि वाहनांसाठी विक्रीला केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परवानगी लागते. प्रयोगशाळेच्या चाचण्यांचाच खर्च छोट्या गटाला झेपत नाही. त्यापेक्षा वरकड करंज तेल कीडनाशकं बनवणाऱ्यांना आणि पेंड बागायतदारांना विकलेली जास्त परवडते.